उन्हात बंद पडणारा आरव्हीचा जनरेटर : तापतं ते इंजिन की पेट्रोल?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातल्या फिनिक्समधलं एक मराठी कुटुंब. सेकंडहँड घेतलेली क्लास सी मोटरहोम, म्हणजे व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली राहण्याची गाडी (आरव्ही), तिच्यात ४ किलोवॅटचा पेट्रोलवर चालणारा जनरेटर. जुलैमध्ये भारतातून आलेल्या सासूसासऱ्यांना घेऊन ते लेक हवासूला निघाले. छतावरचा एसी जनरेटरवर चालू होता. वाटेवरच्या क्वार्ट्झसाइट गावाच्या अलीकडेच जनरेटर बंद पडला. लगेच सुरू करायला गेले तर नुसता फिरतो, पकडत नाही. तासाभराने सुरू झाला, अर्ध्या तासात पुन्हा बंद. रात्री मात्र सलग चालला. परतल्यावर दुकानात दिला. त्यांनी सकाळी चालवून पाहिला, प्लग आणि एअर फिल्टर बदलला, ‘काही दोष नाही’ म्हणून परत केला. मित्राचं मत असं की इंजिन ओव्हरहीट होतंय, नवा जनरेटरच बसवा. बसवावा का?

अजून तरी नाही. तुमच्या वर्णनात इंजिन तापल्याची एकही खूण मला दिसत नाही. पेट्रोल तापल्याच्या खुणा मात्र भरपूर आहेत.

मी अ‍ॅरिझोनात फिरता आरव्ही मेकॅनिक म्हणून काम करतो. मे उजाडला की याच तक्रारीचे फोन सुरू होतात आणि प्रत्येकाने निदान आधीच केलेलं असतं : ‘गरमीने बंद पडतोय, म्हणजे ओव्हरहीट होतोय.’ गंमत अशी की या आकाराच्या हवेवर थंड होणाऱ्या बऱ्याच पेट्रोल जनरेटरांत इंजिनचं तापमान बघून ते बंद करणारा सेन्सरच नसतो. पाण्याचा रेडिएटर असलेल्या डिझेल सेटमध्ये असतो, तो खरंच ‘तापलो’ म्हणून थांबतो. तुमचा सेट तसं ठरवून थांबलेला नसण्याचीच शक्यता जास्त. त्याला पेट्रोल मिळेनासं झालं, किंवा ठिणगी मिळेनाशी झाली, किंवा त्याच्यावर झेपणार नाही एवढा भार पडला. या तिघांतलं कोणतं, हे तो कसा थांबतो आणि पुन्हा कसा सुरू होतो यावरून बऱ्यापैकी कळतं. म्हणून पार्ट मागवण्याआधी एकदा त्याला मुद्दाम बंद पडू द्या, आणि त्या वेळी जवळ उभे राहा.

काय ऐकायचं ते सांगतो. इंजिनचा आवाज आधी डळमळीत झाला, चढ-उतार करू लागला, एसीचा पंखा मंद-जलद होऊ लागला आणि मग गुदमरून थांबलं, तर इंधन. धाडधाड चालताना कोणी चावी फिरवल्यासारखं एका क्षणात थांबलं, तर ठिणगी, म्हणजे बहुधा इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग). एसीचा कॉम्प्रेसर चालू व्हायच्या नेमक्या क्षणी इंजिन घोगरं झालं आणि बसलं, तर भार. आणि इंजिन चालूच आहे पण आत वीज नाही, तर तो फक्त ब्रेकर पडलाय; त्याला लोक ‘जनरेटर बंद पडला’ म्हणतात, पण ते दुखणं पूर्ण वेगळं.

ओनान कंपनीचा सेट असेल तर आणखी एक साक्षीदार मिळतो. बऱ्याच मॉडेलांत बंद पडल्यावर स्टार्ट बटणातला दिवा मिचकावतो. तीनदा मिचकावत असेल तर स्टॉप एकदा दाबायचं, मग दोन अंकी कोड येतो. ३६ आला तर अर्थ असा की कंट्रोल बोर्डाने इंजिन थांबवलेलं नाही, ते आपणहून थांबलं. उन्हाळ्यात हाच कोड फार दिसतो आणि लोक तो बघून बोर्ड बदलतात. बोर्ड बिचारा उलट सांगत असतो की यात माझा हात नाही. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल उघडून कोडांचा तक्ता एकदा पाहून ठेवा.

आता पेट्रोल का तापतं ते. पेट्रोल म्हणजे एक द्रव नव्हे, शेकडो हायड्रोकार्बनांचं मिश्रण. त्यातले हलके घटक पस्तीस-चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळू लागतात. तुमच्या क्लास सी गाडीत जनरेटर जमिनीला लागून, एका पत्र्याच्या पेटीत बसवलेला आहे. खाली डांबर. फिनिक्सच्या जुलैमध्ये दुपारी डांबर सहज १६० अंश फॅरनहाइटला, म्हणजे ७१ अंश सेल्सिअसला पोचतं. शेजारून गाडीच्या मुख्य इंजिनचा एक्झॉस्ट गेलेला असतो. त्यात टाकीपासून जनरेटरपर्यंतची नळी गाडीच्या पोटाखालून जाते, आणि जनरेटरचा पंप पेट्रोल ढकलत नाही, टाकीतून ओढतो. ओढताना नळीत दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव आणखी कमी तापमानाला उकळतो. नळीत वाफेचा फुगा तयार झाला की पंप तो फुगाच ओढत बसतो. कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) रिकामा होतो, इंजिन गुदमरतं. यालाच व्हेपर लॉक म्हणतात.

मग तासाभराने सुरू का होतो? थांबल्यावर पेटीतला पंखाही थांबतो, त्यामुळे पहिली काही मिनिटं आतलं तापमान उलट वाढतं. म्हणूनच लगेच स्टार्ट मारून काही होत नाही, बॅटरी मात्र उतरते. नंतर सगळं हळूहळू निवतं, वाफेचं पुन्हा द्रव होतं, आणि जनरेटर काही झालंच नाही अशा थाटात सुरू होतो. रात्री डांबर थंड, म्हणून अडचण नाही. सकाळी दुकानात अडचण नाही, कारण दुकानाने ती येईल अशी परिस्थितीच निर्माण केली नव्हती. दोष दुपारचा असेल तर तपासणीही दुपारीच व्हायला हवी.

तुमच्या पत्रातली एक ओळ तुम्ही सहज लिहिली असेल, पण माझ्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची : टाकी मार्चमध्ये फ्लॅगस्टाफला बर्फ बघायला गेलात तेव्हा भरली आणि त्यानंतर गाडी उभीच होती. अमेरिकेत उन्हाळ्यात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलच्या बाष्पदाबावर, म्हणजे ते किती सहज उडतं त्याच्या मापावर, कायद्याची मर्यादा आहे. पंपांना ती १ जून ते १५ सप्टेंबर लागू असते. देशाच्या बऱ्याच भागांत ही मर्यादा ९ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे, दहा टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला एका पीएसआयची सूट. फिनिक्स परिसरात मात्र उन्हाळ्यात ७. हिवाळ्यात, त्यातून डोंगरात, पेट्रोल मुद्दाम जास्त उडणारं बनवतात, नाहीतर थंडीत गाड्या सुरू होणार नाहीत. तुम्ही ते हिवाळी पेट्रोल टाकीत घेऊन जुलैच्या वाळवंटात उतरलात. उभ्या गाडीत हलके घटक थोडे उडून जातात हे खरं, पण आजच्या बंदिस्त टाक्यांत बरेचसे टिकून राहतात. शिवाय चार महिने कार्ब्युरेटरमध्ये पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर त्याच्या बारीक छिद्रांत, म्हणजे जेटमध्ये, बसतो, त्याचा हिशेब वेगळा. तेव्हा पहिलं काम फुकटातलं आहे : हे पेट्रोल गाडी चालवून संपवा आणि फिनिक्समध्येच ताजं भरा. त्यानंतर टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. कमी पेट्रोल लवकर तापतं. आणि जनरेटरची पेट्रोल ओढणारी नळी टाकीच्या तळापर्यंत जात नाही, साधारण पाव टाकीच्या उंचीवर थांबते. वीज वापरता वापरता गाडी आडरानात अडकू नये म्हणून ती मुद्दामच तशी ठेवलेली असते. चढावर किंवा तिरक्या जागेत पाव टाकीचीच अडचण तिसऱ्या हिश्श्यालाही येऊ शकते.

व्हेपर लॉकच आहे याची खात्री करायची सोपी रीत आहे. बंद पडल्यावर स्टार्ट न मारता प्राइमचं, म्हणजे इंजिन न फिरवता नुसता पेट्रोलचा पंप चालवणारं, बटण धरा. बऱ्याच सेटमध्ये स्टॉपचंच बटण दाबून धरलं की पंप चालतो. कान लावा. पंपाची टकटक भराभर, कोरडी येत असेल तर तो हवा किंवा वाफ ओढतोय. मिनिटभर धरल्यावर टकटक संथ, भरीव झाली आणि मग स्टार्टला जनरेटर पकडला, तर निदान झालं. टकटक पहिल्यापासून भरीवच आहे आणि तरी पकडत नाही, तर पेट्रोल पोचतंय. मग कॉइलकडे वळा. टकटक येतच नाही, तर पंप किंवा त्याची वायर.

कॉइल तपासायला प्लग आणि त्याच्या वायरीच्या मध्ये लावायचा छोटा दिव्याचा टेस्टर मिळतो. बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच, तो लावून स्टार्टरने इंजिन फिरवायचं. गरम कॉइलमधली बारीक तार आत कुठेतरी सुटते आणि निवल्यावर पुन्हा टेकते, त्यामुळे लक्षणं हुबेहूब व्हेपर लॉकसारखी दिसतात. थंड झाल्यावर तपासलेल्या कॉइलच्या रिपोर्टला काही अर्थ नाही. आणि एक विनंती : प्लग काढून इंजिनच्या अंगाला टेकवून ठिणगी बघायची जुनी पद्धत इथे नको. बंद पेटी, तापलेलं इंजिन, आजूबाजूला पेट्रोलची वाफ. तसंच स्टार्टिंग फ्लुइडचा फवारा मारायचा मोहही टाळा.

आता नळ्या. गाडी दहा-बारा वर्षांची असेल आणि जनरेटरच्या रबरी नळ्या मूळच्याच असतील, तर त्या बदलायच्या, तपासत बसायचं नाही. इथेनॉल आणि वाळवंटी ऊन यांनी रबर आतून फुगतं, बाहेरून चिरतं. चिरेतून पेट्रोल गळत नाही, कारण ही नळी पेट्रोल ओढणारी आहे; उलट हवा आत जाते. शहाळ्यातली स्ट्रॉ चिरली की पाणी वर येत नाही, नुसता फुरफुर आवाज येतो, तसं. थंड असताना चीर मिटलेली असते, गरम झाल्यावर रबर सैल पडून उघडते, आणि आपण पुन्हा ‘गरमीने बंद पडतो’ म्हणायला मोकळे. सर्वांत वाईट तुकडा बहुतेक वेळा टाकीच्या डोक्यावर असतो, जिथे हात पोचत नाही, म्हणून कोणी बघत नाही. दोष टाकीच्या बाजूला आहे की जनरेटरच्या, हे वेगळं करायला मेकॅनिक बोटीच्या इंजिनाची छोटी टाकी बाहेर सावलीत ठेवून त्यावर जनरेटर चालवतात. त्यावर भर दुपारी दोन तास चालला, तर जनरेटर निर्दोष आहे आणि तुमचे नव्या सेटचे पैसे वाचले. हे काम मात्र जाणकाराकडून करून घ्या.

नव्या नळ्या टाकतानाच त्यांच्यावर उष्णतारोधक स्लीव्ह चढवा, आणि नळी एक्झॉस्टजवळून जात असेल तर मार्ग बदलून घ्या. पेट्रोल फिल्टर नवा. एवढं करूनही लॉक होत असेल तर टाकीजवळ एक कमी दाबाचा छोटा विजेचा पंप बसवतात, म्हणजे पेट्रोल ओढलं न जाता ढकललं जातं आणि नळीत उकळत नाही. उपाय पक्का आहे, पण दोन अटींवर : त्याचा दाब तुमच्या कार्ब्युरेटरला चालेल एवढाच हवा, नाहीतर पेट्रोल ओसंडून पेटीत सांडेल, आणि जनरेटर थांबला की तो पंपही थांबलाच पाहिजे अशी वायरिंग हवी. कोणी थेट बॅटरीला जोडून देत असेल तर त्याच्याकडून करून घेऊ नका.

भाराकडे मी थोडा उशिरा आलो, कारण तुमच्या बाबतीत तो मुख्य आरोपी नाही. पण साथीदार असू शकतो. नियम असा धरतात : दर हजार फूट उंचीला सुमारे साडेतीन टक्के ताकद कमी, आणि ८५ फॅरनहाइटच्या वर दर दहा अंशांना सुमारे एक टक्का. फिनिक्स समुद्रसपाटीपासून अकराशे फुटांवर आहे. ११० अंशांच्या दुपारीही ४००० वॅटच्या सेटचे साधारण ३७५० उरतातच. म्हणजे नुसत्या उष्णतेने जनरेटर दुबळा होत नाही. दुबळा होतो उंचीने : सात हजार फुटांवरच्या फ्लॅगस्टाफला हाच सेट ३००० वॅटच्या आसपास येतो, १२० व्होल्टला पंचवीस अँपिअर. कार्ब्युरेटरवर उंचीचा खटका असेल तर तिथे तो उंचीच्या सेटिंगवर न्यायचा, आणि खाली उतरल्यावर आठवणीने परत आणायचा. उंचीवरच्या सेटिंगला मिश्रण विरळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. तो तसाच ठेवून वाळवंटात एसी चालवला की इंजिन खरोखर तापतं. मार्चमध्ये कोणी फिरवला होता का, तेवढं बघा.

उष्णतेने भार मात्र वाढतो. १३,५०० बीटीयूचा (बीटीयू हे एसीची ताकद मोजायचं एकक) छतावरचा एसी बऱ्या हवेत बारा-तेरा अँपिअर घेतो, कडक उन्हात पंधरा-सोळा. उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरच्या पत्र्या धुळीने भरल्या असतील तर त्याहूनही जास्त. त्यात बॅटरी उतरलेली असेल तर ती चार्ज करणारा कन्व्हर्टर सात-आठ ओढतो. आणि तेवढ्यात मागून कोणी चहासाठी पाणी मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं की आणखी तेरा. ४००० वॅट म्हणजे तेहतीस अँपिअर. बेरीज तुम्हीच करा. तेव्हा एकदा संध्याकाळी छतावर चढून, वीज तोडून, एसीचं झाकण काढा आणि कंडेन्सर मऊ ब्रश आणि पाण्याच्या हलक्या धारेने साफ करा. कॉम्प्रेसर सुरू होताना इंजिन दर वेळी बसल्यासारखं करत असेल तर एसीचा स्टार्ट कपॅसिटर (कॉम्प्रेसरला सुरुवातीचा जोर देणारा भाग) तपासून घ्या, किंवा सॉफ्ट स्टार्टर (कॉम्प्रेसर हळूहळू सुरू करणारं उपकरण) बसवा. जनरेटरवर खर्च करून थकलेल्या कितीतरी लोकांचा खरा बिघाड मला छतावर सापडलेला आहे.

हवेचा मार्गही बघून घ्या, विशेषतः गाडी महिनोनमहिने उभी होती म्हणून. अ‍ॅरिझोनातले वुडरॅट उंदीर जनरेटरच्या पेटीत काटक्या आणि निवडुंगाचे काटे आणून घरटं करतात, अगदी इंजिनवरच्या पत्र्याच्या आतही. तेव्हा नुसता दरवाजा उघडून डोकावणं पुरत नाही. आणि दरवाजा उघडाच ठेवून जनरेटर चालवला की हवा लागेल, हा सल्ला तुम्हाला चार जण देतील. देऊ द्या. बंद पेटीच्या सेटमध्ये पंखा ठरलेल्या वाटेने हवा खेचतो. दरवाजा उघडला किंवा त्याची रबरी कड गेली की तीच गरम हवा आत फिरत राहते. तेल पातळीवरच हवं, वरही नको, खालीही नको.

वापरातल्या सवयींचंही सांगतो. दुपारी थांबायची वेळ आली तर डांबरावर न थांबता मातीवर, सावलीत थांबा. पण वाळलेल्या गवतावर अजिबात नको, एक्झॉस्टने ते पेट घेतं. जनरेटरची बाजू पश्चिमेकडे करू नका. बंद करण्यापूर्वी एसी बंद करून तीन-चार मिनिटं रिकामा चालू द्या, म्हणजे पेटीतली उष्णता पंख्याने बाहेर जाते. आणि महिन्यातून एकदा दोन तास निम्म्या भारावर चालवत चला. उभा जनरेटर चालत्या जनरेटरपेक्षा लवकर खराब होतो. क्वार्ट्झसाइटला जानेवारीत हजारो आरव्ही येऊन बसतात. त्या मंडळींचे सल्ले ऐकाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा की त्यांनी आपला जनरेटर जुलैत तिथे कधी चालवलेला नसतो.

सासूसासऱ्यांबद्दल मात्र स्पष्ट बोलतो. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट किंवा त्याच्या वर होता. अशा हवेत एसी बंद पडलेल्या मोटरहोमच्या मागच्या भागात वयस्क माणसांना ‘तासाभराने होईल चालू’ म्हणून बसवून ठेवायचं नाही. पुढच्या केबिनचा एसी गाडीच्या इंजिनवर चालतो, त्यांना तिथे पुढच्या सीटवर घ्या आणि जवळचं गाव गाठा. शक्यतो पहाटे निघून अकराच्या आत हुकअप (बाहेरून विजेची जोडणी) असलेल्या आरव्ही पार्कमध्ये पोचायचं, म्हणजे दुपारी जनरेटरची गरजच उरत नाही. आणि जनरेटर चालू असताना कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना, एक्झॉस्टच्या बाजूची खिडकी बंद आहे ना, हे दर वेळी बघायचं. अलार्मला मुदत असते, मागे तारीख छापलेली असते. सेकंडहँड गाडीत ती बहुधा उलटून गेलेली असते.

तर क्रम असा ठेवा : ताजं पेट्रोल, उंचीचा खटका, पेटीची सफाई, छतावरचा कंडेन्सर. हे सगळं घरीच होतं. मग घरासमोर दुपारी दोन वाजता एसी लावून दोन तास चालवा, मायक्रोवेव्ह वगैरे काही नको. चालला तर सुटलात. बंद पडला तर प्राइमची टकटक ऐका, कोड टिपा, आवाज कसा गेला ते फोनवर रेकॉर्ड करा, आणि तेवढं घेऊन मेकॅनिककडे जा. त्याला आधीच सांगा की गाडी दुपारी उन्हात तपासायची आहे. सकाळची वेळ देत असेल तर दुसरा मेकॅनिक बघा.